सत्तरी ते बेळगाव : अग्निवीर प्रशिक्षणाचा माझा अनुभव

सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील मुलाला सैन्यभरतीची तयारी कशी करावी हे विचारण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले आहे. आमच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यात तशी परंपरा नाही. येथे बारावी झालेला मुलगा सरकारी खात्यातील जागेची वाट पाहतो, हॉटेलात लागतो किंवा जहाजावर जातो. त्यामुळे मी अग्निवीर भरतीचा अर्ज भरला तेव्हा घरात पहिली चर्चा देशसेवेची झाली नाही, हिशेबाची झाली. 4 वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जणांना कायम करणार, पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये आणि त्यातले 30 टक्के निधीत कापले जाणार, हे सारे वडिलांनी कागदावर मांडले. निधीत सरकारही तेवढीच भर घालते, हे कळल्यावर त्यांचा विरोध थोडा मवाळ झाला. माझ्या मते हा हिशेब प्रत्येक घराने आधीच करावा, कारण प्रशिक्षणात मन डळमळते तेव्हा हाच विषय पुन्हा वर येतो.

गोवा कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. आधी संगणकावरील लेखी परीक्षा आणि त्यात निवड झाल्यास भरती मेळावा, असा क्रम आहे. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे सामान्य सैनिकाच्या पदासाठी, दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 टक्के गुण लागतात. परीक्षेत एका तासात 50 प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. माझ्या वेळी प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत होते. 2025 पासून मराठीचाही पर्याय मिळू लागला आहे, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना त्याचा निश्चित उपयोग होईल. मामलेदार कार्यालयातील रहिवासी दाखला, चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला ही कागदपत्रे मेळाव्याची तारीख येण्यापूर्वीच हाताशी असावीत, एवढे सांगून मी हा कंटाळवाणा भाग सोडून देतो.

मेळाव्यात 1.6 किलोमीटर धावणे साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण केल्यास 60 गुण आणि 10 पुल-अप्स काढल्यास 40 गुण मिळत. त्याशिवाय 9 फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळून चालणे हे केवळ उत्तीर्ण होण्यापुरते असे. माझी सारी तयारी या आकड्यांभोवती फिरत होती. सत्तरीत पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलात असते, म्हणून मी केरीहून चोर्ला घाटाच्या चढाच्या रस्त्यावर पहाटे, ट्रक सुरू होण्यापूर्वी, धावत असे. चढावर धावल्याने दम वाढला आणि सपाट मैदानावरील वेळ आपोआप कमी झाली. वैद्यकीय तपासणीत मात्र दम कोणी विचारत नाही. तेथे सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे, कानातील मळ आणि गोंदण यांवरून मुले मागे पडतात. यांपैकी कानातील मळाचा प्रश्न घरी असतानाच डॉक्टरकडे जाऊन सोडवता येतो, तरीही त्याच कारणाने तात्पुरती अपात्र ठरलेली कितीतरी मुले मी पाहिली.

माझी निवड मराठा लाइट इन्फंट्रीसाठी झाली. 1768 पासूनचा इतिहास असलेल्या या रेजिमेंटचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, म्हणजे आमच्या घरापासून घाट चढला की पलीकडे. अंतर कमी असल्याने घरच्यांना धीर आला, पण मला त्याचा तोटाच अधिक झाला. घर इतके जवळ आहे ही जाणीव पहिल्या आठवड्यांत फार त्रास देते. प्रशिक्षण 31 आठवड्यांचे असून त्यातील पहिले 10 आठवडे मूलभूत आणि उरलेले 21 प्रगत असतात.

तेथे गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की भरतीसाठी कमावलेला वेग आता कोणी मोजत नव्हते. प्रत्येकजण धावण्यात चांगला होता, म्हणूनच तर तो तेथे पोहोचला होता. आता मोजली जात होती मिनिटे. पहाटे उठून दाढी, बिस्तरा, मच्छरदाणीची घडी, बुटांचे पॉलिश आणि खोलीची सफाई उरकून फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभे राहायचे, पीटी संपताच गणवेश बदलून ड्रिलला हजर व्हायचे, आणि या मधल्या वेळात लंगरमध्ये रांग लावून नाश्ताही करायचा. प्लाटूनमधील, म्हणजे आमच्या तुकडीतील, एकजण उशिरा आला की रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून करायचा कठोर व्यायाम, सर्वांना मिळतो. हा सामूहिक दंड मला आरंभी अन्यायाचा वाटला. आजही तो पूर्णपणे पटतो असे मी म्हणणार नाही, परंतु त्यामुळे शेजारच्या खाटेवरील मुलाचा पट्टा सापडत नसेल तर तो शोधून देण्याची सवय लागली, हे खरे आहे.

खरा प्रश्न पायांचा होता. चामड्याचे बूट, ड्रिलच्या मैदानावर जोराने आपटायच्या टाचा आणि पाठीवर वजन घेऊन धावणे यांची सवय गावातील कोणत्याही तयारीने होत नाही. काही दिवसांतच टाचांना फोड येतात, पण फोड ही किरकोळ बाब आहे. नखे आखूड ठेवणे, मोजे कोरडे ठेवणे आणि रात्री पाय धुऊन पुसून पावडर लावणे एवढ्याने ते आटोक्यात येतात. नडगीचे दुखणे मात्र गंभीर असते. अचानक वाढलेल्या भारामुळे हाडाला सूक्ष्म तडा जातो, सुरुवातीला ते केवळ ठणकल्यासारखे वाटते, आणि सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचे कळवले, तर आपण कामचुकार ठरू या भीतीने मुले ते लपवतात. आमच्यातील एका उत्तम धावपटूने असेच दुखणे लपवले. तो शेवटी चालेनासा झाला तेव्हा त्याला बराच काळ विश्रांती घ्यावी लागली आणि त्याची रवानगी मागच्या बॅचमध्ये झाली. माझी नडगी दुखू लागली तेव्हा मी उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, सांगून एमआय रूममध्ये, म्हणजे तेथील दवाखान्यात, गेलो, थोड्या दिवसांची सूट मिळाली आणि मी माझ्याच बॅचमध्ये राहिलो. म्हणून गावातील मुलांना मी हेच सांगतो, की निवड झाल्यापासून बोलावणे येईपर्यंतच्या काळात वेगाने धावणे कमी करावे आणि पाठीवर थोडे वजन घेऊन लांब अंतर चालण्याची सवय हळूहळू वाढवावी.

जेवणाशी जुळवून घेणे मला सोपे गेले नाही. भात आणि हुमण (माशांची आमटी) यांवर वाढलेल्या माणसाला पोळी, डाळ आणि भाजीवर दिवस काढताना पहिल्यांदा पोट रिकामेच वाटते, पण भूक इतकी लागते की ही तक्रार फार टिकत नाही. भाषेची अडचण मात्र वेगळी होती. सांगली-साताऱ्याच्या मुलांना माझ्या बोलण्यातील कोकणी हेल ऐकून हसू येई, आणि शिकवणे सारे हिंदीत असल्याने हत्यारांच्या तासाला आम्ही सारेच सारख्या गोंधळात असू.

हत्यारांचा तास हा मला सर्वांत आवडलेला भाग. प्रत्यक्ष गोळी हाती येण्यापूर्वी 5.56 मिलिमीटरची इन्सास रायफल खोलणे, साफ करणे आणि जोडणे इतक्या वेळा करून घेतात की शेवटी ते डोळे बांधूनही जमते. नंतर जमिनीवर पालथे पडून शिस्त घेण्याचा, म्हणजे नेम धरण्याचा, सराव सुरू होतो. नळीवर नाणे ठेवतात आणि ते न पडता ट्रिगर दाबायचा असतो. श्वास अर्धा सोडून तेथेच थांबवावा आणि बोट हळूहळू दाबत जावे, गोळी कोणत्या क्षणी सुटेल याची वाट पाहू नये, हे उस्ताद पुन्हा पुन्हा सांगत. फायरिंग रेंजवर गेल्यावर त्याचे कारण कळले: आवाजाची अपेक्षा करणाऱ्याचा खांदा आधीच दचकतो आणि त्याच्या गोळ्या लक्ष्यावर विखुरतात. दंडात ताकद असलेली मुले येथे मागे पडली आणि शांत स्वभावाची, एरवी कोणाच्या लक्षात न येणारी मुले पुढे गेली.

प्रगत टप्प्यात 5 किलोमीटरची वजनासह दौड, दोरावरचे अडथळे, रात्रीची हालचाल आणि नकाशावाचन आले. तोपर्यंत दिनक्रम अंगवळणी पडला होता, त्यामुळे हा काळ अधिक कष्टाचा असूनही अधिक लवकर सरला.

प्रशिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या कसम परेडला, म्हणजे शपथविधीच्या संचलनाला, आई-वडील चोर्ला घाटातून आले. लाइट इन्फंट्रीची जलद चाल, राष्ट्रध्वजासमोरची शपथ आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हा जयघोष त्यांनी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिला-ऐकला. पालकांना दिले जाणारे गौरव पदक वडिलांच्या छातीवर लावले गेले तेव्हा, कागदावर हिशेब मांडणारे हेच का, असा मला प्रश्न पडला. सुट्टीवर निघण्यापूर्वीच पलटणीचे नाव कळले होते आणि ती थंड प्रदेशात होती, म्हणून सुट्टीतील पहिली खरेदी लोकरी मोज्यांची करायची ठरवली, तर पणजीपर्यंत जाऊनही मनासारखे मोजे मिळाले नाहीत.