तुम्ही विचारलंत म्हणून: ताई, हे जुने सिंथ कशाला जपता?

"ताई, मोबाईलच्या एका अ‍ॅपात हजार टोन मिळतात. मग ही जुनी, जड मशिनं कशाला सांभाळता?" साउंड चेक चालू असताना कुणी ना कुणी हे विचारतंच. गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, शक्ती-तुऱ्याच्या पार्टीत नव्यानं आलेली पोरं विचारतात. मंडपात पॅडवाला ठोकत असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड. रत्नागिरीजवळ आमच्या घरी यामाहाचा डीएक्स-७ आणि रोलँडचा डी-५० आहे. दोन्ही १९८०च्या दशकातले, दोन्ही डिजिटल, दोन्ही अजून स्टेजवर चालणारे. आठवण म्हणून मी ते ठेवलेले नाहीत. त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही, त्यांचा स्वतःचा आहे, आणि मला तो वाजवायला हवा असतो. लोक मात्र त्याला नक्कल समजतात. पियानो परवडला नाही म्हणून घेतलेली पियानोची नक्कल, असं. तिथंच माझं म्हणणं वेगळं आहे.

वरातीत बेंजो पार्टीनं नागीण सुरू केली की सगळे नाचतात. आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेली ती पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. १९५४च्या 'नागिन' चित्रपटात संगीतकार हेमंतकुमार होते, आणि ती बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. क्लॅव्हिओलिन जुन्या रेडिओसारखं व्हॉल्व्हवरचं, डिजिटल नव्हे, हे खरं. पण आज तोच आवाज आपल्याला पुंगीचा वाटतो. नक्कल करायला आलेला आवाज स्वतःच मूळ होऊन बसला. डीएक्स-७च्या बाबतीत हे जगभर घडलं.

त्याची गोष्ट सुरू होते १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. जॉन चौनिंग हे संगीतकार संगणकावर एका स्वराला कंप देऊन बघत होते. सेकंदाला पाच-सहा हेलकावे असले की कान त्याला कंप म्हणून ओळखतो. त्यांनी तो वेग वाढवत नेला. हेलकावे शेकड्यांत गेल्यावर कंप ऐकू येईनासा झाला आणि स्वराचा पोतच बदलून गेला. म्हणजे दोन अगदी साध्या लहरी घ्यायच्या आणि एकीनं दुसरीला हलवायचं, की नवा नाद तयार होतो. याला एफएम सिंथेसिस म्हणतात. दोन लहरींच्या वेगांचं प्रमाण एकास एक, एकास दोन असं सरळ असेल तर नाद सुरेल आणि भरीव येतो. प्रमाण अडनिडं ठेवलं, एकास साडेतीन म्हणा, तर देवळातल्या घंटेसारखा धातूचा नाद येतो. कारण घंटेतसुद्धा मूळ स्वराच्या सरळ पटीत न बसणारे स्वर एकदम वाजत असतात.

चौनिंग यांनी हे काम १९७३ मध्ये प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना त्याचं महत्त्व कळलं नाही, जपानच्या यामाहाला कळलं. ते चिपमध्ये बसवायला यामाहाला बरीच वर्षं लागली आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ बाजारात आला. प्रत्येक टोनमागं सहा लहरी, त्या एकमेकींना जोडायच्या ३२ रीती, आणि एका वेळी १६ स्वर. त्या काळात हे फार मोठं होतं.

त्यातला 'ई पियानो १' हा टोन तुम्ही ऐकला आहे, नाव माहीत नसलं तरी. १९८०च्या दशकातल्या कितीतरी इंग्रजी प्रेमगीतांत तो आहे. सहा लहरींच्या तीन जोड्या. त्यातल्या एका जोडीत हलवणारी लहर मूळ स्वराच्या चौदापट वेगाची असते, आणि तिथूनच सुरुवातीची ती टिंग येते. खरी गंमत बोटांत आहे. हळू वाजवलं तर टोन गोल आणि मऊ लागतो. जोरात वाजवलं तर तो नुसता मोठा होत नाही, उजळतो, टिंग पुढं येते. बोटाचा जोर थेट त्या हलवणाऱ्या लहरीपर्यंत पोचतो म्हणून हे होतं. आपल्या पेटीची पट्टी कितीही जोरानं दाबा, नाद तोच राहतो, जे करायचं ते भात्यानं. स्वस्त कीबोर्डात पियानोचं एकच रेकॉर्डिंग भरलेलं असतं, तिथं जोर लावला तर तेच रेकॉर्डिंग मोठ्यानं वाजतं. डीएक्स-७वर पहिल्यांदा हा फरक बोटांना कळला तेव्हा मी एकच सूर कितीतरी वेळ वाजवत बसले होते.

टीका करणारे म्हणतात, हा आवाज काचेसारखा थंड आहे आणि सगळीकडे तोच तो ऐकू येतो. दुसरा भाग खरा आहे, त्याला कारणही आहे. आधीच्या सिंथवर प्रत्येक गोष्टीला वेगळं बटण असायचं, फिरवलं की आवाज बदलायचा. डीएक्स-७वर सपाट बटणं, दोन ओळींचा इवलासा पडदा आणि किंमत बदलायला एक सरकपट्टी. टोन बनवायचा तर सहाही लहरींचं गणित डोक्यात धरावं लागतं. इंग्लंडचे संगीतकार ब्रायन ईनो यांच्यासारखे थोडे लोक त्यात शिरले, बाकीच्यांनी कंपनीनं भरून दिलेलेच टोन वाजवले. म्हणून एकच पियानो शंभर गाण्यांत आला. पण वापर जास्त झाला हा काही टोनचा दोष नव्हे. थंडपणाबद्दल मी एवढंच म्हणेन की कुणी तरी जीव लावून वाजवताना तो समोर बसून ऐका.

डी-५० आला १९८७ मध्ये आणि त्याची युक्ती वेगळी होती. तेव्हा मेमरी फार महाग. बासरीचा पूर्ण सूर रेकॉर्ड करून ठेवणं परवडणारं नव्हतं. रोलँडच्या लोकांनी ओळखलं की कान वाद्य ओळखतो ते मुख्यतः सुरुवातीच्या क्षणावरून, फुंकेच्या फुस्स आवाजावरून, तारेवरच्या आघातावरून. म्हणून तेवढाच तुकडा खरा घेतला आणि पुढचा सूर मशिनीत बनवला. त्यावर यंत्रातलाच रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आणि एक सूर अनेकांनी मिळून धरल्यासारखा वाटायला लावणारा कोरस. निघाला तो आवाज ना बासरी ना व्हायोलिन, पण धुक्यासारखा पसरणारा. तो अजून कुठल्या खऱ्या वाद्यातून निघत नाही. पुढच्याच वर्षी कोर्गचा एम-१ आला. त्यात टोन, ड्रम, इफेक्ट आणि वाजवलेलं साठवून परत वाजवणारा सिक्वेन्सर सगळं एकत्र, म्हणजे एका माणसाला घरात बसून पूर्ण गाणं उभं करता येऊ लागलं. आज लॅपटॉपवर गाणी करणारी पोरं त्याच वाटेनं चालली आहेत.

आणि ज्यांनी डीएक्स-७ कधी पाहिलाही नाही त्यांच्याही कानात एफएम आहे. २०००च्या सुमाराच्या पॉलिफोनिक रिंगटोन आठवतात? त्या काळच्या कितीतरी मोबाईलमध्ये यामाहाच्या एफएम चिपाच होत्या.

आता कोकणाचं. इथं उघड्या मंडपात उकाडा आणि दमट हवा, लाइट गेली की जनरेटर. जुने अ‍ॅनालॉग सिंथ, म्हणजे आकड्यांऐवजी थेट विजेच्या सर्किटमधून लहर काढणारे, तापले की सुरातून हलतात. डिजिटल मशीन ठरावीक वेगानं थरथरणाऱ्या क्रिस्टलवर चालतं, रात्रभर सूर सोडत नाही. शेजारी पेटी असताना हे फार महत्त्वाचं, कारण पेटी काही आपल्यासाठी सूर बदलणार नाही. बुवा काळी चारमध्ये गाणार की पांढरी पाचमध्ये हे आयत्या वेळी ठरलं तरी सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोज लावता येतं.

भजनात सिंथ नको, पेटी आपली आहे, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मी मान राखते, आणि डबलबारीला मी स्वतः सिंथ नेत नाही. पण पेटीसुद्धा युरोपातून आली. १९४० मध्ये रेडिओनं तिला बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये काही अंशी उठली. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, घेता येत नाही हा तेव्हाचा एक मोठा आक्षेप होता. दशावताराच्या पायपेटीशिवाय आज आपण नाटक सुरू करू का? सिंथवर डाव्या हाताला सूर वर-खाली सरकवणारी दांडी किंवा चाक (पिच व्हील) असतं. त्यानं मींड येते, सराव केला तर चांगली येते. मी गवळणीच्या आधीच्या आलापाला डी-५०चा सूर धरते आणि मींडेची जागा त्याच्या दांडीवर घेते. पहिल्यांदा ऐकणारे वळून बघतात.

सांभाळणं कठीण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. खारी हवा सगळ्या धातूला लागते. जॅक आणि पट्ट्यांखालचे काँटॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावे लागतात. पावसाळ्यात कपाटात झिरोचा बल्ब जळत ठेवते आणि आठवड्यातून एकदा दोन्ही मशिनं चालू करून वाजवते. टोन जपणारी बॅटरी आत असते, ती संपली की स्वतः बनवलेले टोन जातात. म्हणून ते मिडी केबलनं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेले बरे.

मशीन घ्यायला पैसे नसतील तर डेक्स्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डीएक्स-७चे मूळ टोन चालतात आणि आवाज खूप जवळ जातो. शिकायला ते उत्तम. आमच्या वाडीतल्या दोन मुली त्यावरच टोन बनवायला शिकल्या आणि आता झांजेचा टोन माझ्यापेक्षा चांगला करतात. जुनं मशीन विकत घेणार असाल तर आधी प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून बघा, काही पट्ट्या एकाच जोरानं बोलत असतील तर काँटॅक्ट गेलेले आहेत. बॅटरी कधी बदलली ते विचारा. आणि मागच्या बाजूला १०० व्होल्ट लिहिलेलं असेल, म्हणजे मशीन थेट जपानातून आलेलं असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणल्याशिवाय प्लग लावू नका.