कमरेची गोळी

आमच्या घरात तिला 'कमरेची गोळी' म्हणतात. खरे तर ती गोळी नव्हे, कॅप्सूल आहे. ड्युलोक्सेटिन, ६० मिलिग्रॅम, रोज सकाळी न्याहारीनंतर एक. ती कमरेसाठी आहे हे खोटे नाही, पण ते निम्मेच खरे आहे आणि उरलेले निम्मे मी जवळजवळ दीड वर्ष लपवून ठेवले.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कंबर दुखणाऱ्या बाईला कोणी नावे ठेवत नाही. कापूस वेचून कंबर गेलेली एक तरी बाई प्रत्येक घरात सापडेल. माझ्या मणक्यात 'गॅप' असल्याचे यवतमाळला एमआरआय काढल्यावर कळले, तेव्हा शेजारणींनी तेलाच्या बाटल्या आणून दिल्या. मात्र पहाटे तीनला जाग येऊन उजाडेपर्यंत आढ्याकडे पाहत पडणे, भाजी निवडता निवडता हात थांबणे आणि मुलीचा फोन वाजत असताना तो नुसता पाहत बसणे, या सगळ्यासाठी कोणी तेल आणून देत नाही. 'दुखण्याने जीव कंटाळला' एवढेच मी सांगत असे. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ मध्येच सुरू झाला होता. आशाताई आमच्याकडेही कागद घेऊन आल्या. त्यांनी ह्यांना झोपेविषयी, कर्जाविषयी, मनात येणाऱ्या विचारांविषयी विचारले. मी चुलीपाशी चहा करीत होते आणि मनातल्या मनात प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत होते.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच मला मनोविकार विभागात पाठवले. तिथल्या डॉक्टर बाईंनी समजावले की सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही दोन रसायने मनःस्थितीशी निगडित आहेत, तशीच ती मेंदूकडून मणक्यात उतरणाऱ्या, वेदनेचे संदेश दाबून धरणाऱ्या मज्जामार्गांतही काम करतात. म्हणून एकाच औषधाचा दोन्हीकडे उपयोग होऊ शकतो. मला त्या क्षणी विज्ञानापेक्षा सोय अधिक दिसली. घरी सांगायला कंबर होती.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. सुरुवात ३० मिलिग्रॅमने होती, तरी मळमळ इतकी की फोडणीचा वास सहन होईना. तोंड कोरडे पडे आणि हिवाळ्यातही मानेवरून घाम निथळे. कॅप्सूल घशात अडकते म्हटल्यावर सासूबाईंनी ती फोडून दह्यात कालवायचे सुचवले. सुदैवाने मी आधी मेडिकलवाल्याला विचारले. आतल्या दाण्यांवर पोटातल्या आम्लापासून जपणारे आवरण असते, त्यामुळे ती अख्खीच गिळायची, असे त्याने सांगितले.

गुण आला तो असा: साधारण दीड महिन्याने कापसाचा व्यापारी घरी काटा घेऊन आला आणि ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे जास्तीची कटती धरू लागला, तेव्हा मी ओट्यावरून उठून त्याच्याशी भांडले. हे माझ्याकडे पाहतच राहिले. आदल्या वर्षी त्याने अख्खी गंजी फुकट नेली असती तरी मी मान वर केली नसती. कंबर त्या दिवशीही दुखतच होती. ती आजही दुखते, पण पूर्वीसारखी दिवसभर तिचीच सत्ता नसते.

एकदा पोळ्याच्या सुमारास नाल्याला पूर आला, तालुक्याला जाता येईना आणि पाकीट संपले. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होई, भिंत धरून चालावे लागे आणि क्षुल्लक कारणाने रडू येई. हे व्यसन नव्हे. मात्र हे औषध एकदम तोडायचे नसते, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे असते. तेव्हापासून पंधरा दिवसांचा साठा तांदळाच्या डब्यामागे ठेवते.

लपवण्याची किंमत कळली ती मात्र शेजारच्या काकूंमुळे. मागच्या महिन्यात त्या तुरीच्या शेंगा सोलायला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुह्या कमरेच्या गोळीतली एक मले दे नं. रातभर ठणकते वं."

काकू रक्तदाबाची गोळी घेतात आणि गावातून आणलेली ट्रॅमाडॉल नावाची दुखण्यावरची गोळीही. ड्युलोक्सेटिनने रक्तदाब वाढू शकतो आणि ट्रॅमाडॉलसोबत ते धोक्याचे ठरू शकते, हे मला डॉक्टरांनी बजावले होते. नुसते नाही म्हटले असते, तर काकूंनी उद्या सासूबाईंकडे मागितली असती आणि त्यांनी आनंदाने काढून दिली असती.

"काकू, ती नुसती कमरेची नाही," मी म्हणाले. "उदासीची आहे. मला मनाचा आजार आहे, त्याची."

काकूंनी हातातली शेंग सोलून संपवली, दाणे परातीत टाकले आणि सासूबाई कुठे आहेत ते वळून पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरीनचं नाव लिहून दे मले. पण वरतं कमरेची डॉक्टर असं लिही. माह्या सुनेले वाचता येते."