झाडाची खपली

लोबानाचा खडा जरा वेळ मुठीत धरला की बोटांना चिकटतो आणि मग दिवसभर पिच्छा सोडत नाही. पिवळसर रंग, वर पांढरी भुकटी. परवा एक उजेडात धरून पाहिला, तर आत सालीचा कण अडकलेला. माझी भक्ती तिथेच जरा डळमळली. एवढ्या भावाने आपण जाळतो ती झाडाची खपली! ओमानच्या धोफार भागात नाहीतर सोमालियात झाडाची साल खरवडतात, दुधासारखा चीक पाझरतो आणि दहा-पंधरा दिवसांत वाळून घट्ट होतो. अरबीतल्या ‘लुबान’चं नातंही दुधाशीच.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला हे असं साधं सांगितलेलं नसावं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तो लिहितो, की या झाडांची राखण पंखवाले, चिमुकले, रंगीबेरंगी साप करतात आणि दुसऱ्या एका डिंकाची धुरी दिली तरच ते हटतात. मला यात व्यापाऱ्याचा आवाज ऐकू येतो. सापांच्या तावडीतून आणलेल्या मालाची घासाघीस कोण करणार?

इजिप्तची राणी हात्शेप्सुत त्याआधी हजारेक वर्षांची, पण व्यवहाराला पक्की. तिने पुंट देशी जहाजं धाडली आणि हिराबोळ या तशाच सुगंधी डिंकाची ३१ झाडंच मुळांसकट टोपल्यांतून आणवली. देर अल-बहरीच्या तिच्या देवळाच्या भिंतीवर त्या टोपल्या वाहणारी माणसं कोरलेली आहेत. ग्रीकांच्या लेखी मात्र हिराबोळ म्हणजे झाड होऊन बसलेल्या मिऱ्हा या राजकन्येचे अश्रू. खपलीपेक्षा अश्रू बरे दिसतात, हे कबूल.

अगरू या सुगंधी लाकडाची तऱ्हा आणखी निराळी. धडधाकट झाडाच्या लाकडाला वास असा नाहीच. जखमेतून बुरशी शिरली की तिला अडवायला झाड राळ सोडतं; लाकूड काळवंडतं, जड होतं आणि या बिघडलेल्या भागालाच सोन्याचा भाव. जपानमधल्या नाराच्या शोसोइन भांडारात असाच एक दीड मीटरचा ओंडका आहे, रान्जाताई नावाचा. १५७४ साली ओडा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने बादशहाच्या परवानगीने त्याचा इवलासा तुकडा काढून घेतला. कापल्या जागी आजही चिठ्ठी आहे, कोणी कापला त्याची!

जपानी लोक हा सुगंध ‘ऐकतात’. त्यांच्याकडे शब्दच तसा आहे. म्हणून मीही परवाचा तो खडा निखाऱ्यावर ठेवून कान दिला. आधी मऊ पडला, मग बुडबुडे, मग बारीकशी चरचर. शेवटी आतला सालीचा कण तडकला, आणि क्षणभर खोलीत नुसत्या जळक्या लाकडाचा वास आला.