झाडांवरचा मावा गोळा करताना

आजचा दिवस झाडांवरचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, प्रजाती ओळखण्यासाठी गोळा करण्यात गेला. शोधायचा कसा? मुंग्यांची रांग आणि पानांवरचा चकचकीत चिकटा आधी बघा, मग त्याच्या वरच्या पानांची खालची बाजू नि कोवळे शेंडे.

मावा कधीच ओढून काढू नका. सोंडेतल्या बारीक सुया झाडात रुतलेल्या असतात. ओढलं की त्या तुटतात, कधी सोंडही खराब होते, आणि ओळख पटवताना सोंडेच्या शेवटच्या खंडाची लांबी मोजावी लागते. ओल्या ब्रशने हलकेच डिवचा. चालायला लागला की उचलून ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये. पंखवाले आणि बिनपंखी, दोन्ही प्रौढ हवेत. नुसत्या पिल्लांवरून प्रजाती ठरवणं फार अवघड. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, अंगावरचं मेणही जातं, म्हणून फोटो आधीच काढा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. पेनाची शाई विरघळते.

सगळ्यात महत्त्वाचं झाडाचं नाव! माव्याच्या कित्येक प्रजाती ठरावीक झाडांवरच जगतात, त्यामुळे झाड चुकलं की पुढचं सगळं भरकटतं. खात्री नसेल तर पानाफुलांसकट फांदी कागदात दाबून ठेवा. डीएनए तपासणीसाठी ९५ टक्के अल्कोहोलची वेगळी कुपी थंड जागी ठेवावी. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची स्लाइड मात्र त्यातल्या नमुन्यांची नको, ते कडक होऊन मोडतात.