एवढा वेळ कुठून मिळतो?

"एवढा वेळ कुठून मिळतो हो तुम्हाला?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी, मी तोंड उघडून पडलेली असताना विचारलाय. आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात निम्मी माणसं तो हिंदीतच टाकतात, "भाभी, टाइम कैसे मिल जाता है?" नजर माझ्या हातातल्या विणकामाच्या सुयांवर असते. काहींच्या सुरात कौतुक असतं, काहींच्या सुरात 'बाईला दुसरं काम दिसत नाही'. दोघांनाही मी "मिळतो कसातरी" म्हणून वाटेला लावत आले. तुम्ही परवा विचारलंत आणि विचारून गप्प बसलात, उत्तर ऐकायला. म्हणून सविस्तर सांगते.

रिकामी मी नाही. दौलतगंज आणि नया बाजारातल्या काही दुकानांचे हिशेब मी घरून बघते. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं आणि १८ तारखेपर्यंत दुकानदारांना आपलीच बिलं सापडत नसतात. स्वयंपाक, धुणं, सासूबाईंची पथ्यं आहेतच. यातून मी वेळ काढत नाही. मला वेळ ढब्बू देतो.

ढब्बू आमचा कुत्रा. देशी, गल्लीतलाच, वय १४ च्या पुढे. एके काळी गल्लीच्या टोकाच्या हलवायापर्यंत त्याची हद्द होती, आता ओसरी ते अंगण. कान गेलेत. डोळ्यांवर निळसर झाक आली आहे, बघणाऱ्याला तो मोतीबिंदू वाटतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयानं डोळ्याचं भिंग घट्ट होतं, ही त्याची झाक, उजेडात त्याला बऱ्यापैकी दिसतं. मागच्या पायांचे सांधे धरलेत. उठताना आधी पुढचे पाय रोवतो आणि मग मागचं धड ओढून घेतो. थंडीत हे ओढणं पहिल्या झटक्यात जमत नाही, तेव्हा कुणीतरी पोटाखाली हात द्यावा लागतो. मूत्रपिंडं थकली आहेत, त्यामुळे पाणी फार पितो आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. रात्रीसुद्धा. येणारे-जाणारे सल्ला देतात, पाणी कमी ठेवा. अजिबात ठेवू नये. अशा कुत्र्याचं पाणी तोडलं तर दुखणं वाढतंच. दुसरा सल्ला, तुमची गुडघ्याची गोळी अर्धी द्या. तीही देऊ नये. आपण सहज घेतो ते आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असतं. त्याची गोळी वेगळी असते, ती पोळीच्या तुकड्यात तूप लावून जाते.

तर घरात कुणीतरी त्याच्या हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, आणि ती मी. तो माझ्या पावलाला पाठ टेकून झोपतो. हलला की पायाला कळतं. डोळे त्याच्याकडे लावायला नकोत, कान नकोत, दोन्ही हात मोकळे. असं बसलेल्या माणसानं करायचं काय? हिशेबाला बसलं की बेरीज अर्ध्यावर राहते आणि मग चूक शोधण्यात दुप्पट वेळ जातो. कांदा चिरायला घेतला की एखादी फोड खाली पडते, आणि कांदा कुत्र्याला विषारी, शिजवलेलासुद्धा. फोन बघत बसणं मला जमत नाही, मान दुखते. उरलं विणकाम. ते टाकून उठता येतं.

खरं तर तेही कुठलंही टाकून उठता येत नाही. विणणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. सुलट-उलट साधं असेल तर ओळ अर्ध्यावर सोडा, परत आल्यावर सुई बघून कळतं कुठे होतो. पण वेणीच्या नक्षीत चार टाके आडव्या सुईवर घेतलेले आणि तेवढ्यात पायाशी हालचाल झाली, की झालं. जाळीचं तर विचारूच नका. एक दोरा पुढे घ्यायचा राहिला तर तीन ओळींनंतर कळतं आणि तिन्ही उसवाव्या लागतात. त्यामुळे गेल्या काही हिवाळ्यांत माझं विणकाम ढब्बूनं ठरवलंय. वेणी बंद. जाळी बंद. बॉर्डर एक सुलट एक उलट, पुढे सगळं साधं, फार तर रंगाच्या पट्ट्या. जोडीच्या लांब सुया सोडून वायरची गोल सुई घेतली, कारण घाईत उठले तरी टाके मधल्या वायरवर सरकवून टाकता येतात, गळत नाहीत, आणि सुईचं टोक त्याच्या डोळ्यापाशी जात नाही. १२ नंबरच्या बारीक सुया डब्यात आहेत. ८ आणि ९ चालू. (आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्यानं शिकणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगावं लागतं.) कापलेले दोरे आणि शिवायची सुई झाकणाच्या डब्यात, लगेच. लोकरीचा लांब दोरा पोटात गेला तर आतडं गोळा करतो, मग ऑपरेशनशिवाय मार्ग नसतो.

रंगसुद्धा त्यानंच ठरवलेत. अलीकडे रात्री तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, वळायचं कसं हे त्याला सुचत नाही. म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं कुत्र्यांच्याही मेंदूचं होतं, दिवस-रात्र उलटी होते. डॉक्टरांनी सांगितलं, घरातलं सामान हलवू नका आणि रात्री बारीक दिवा ठेवा. त्या बारीक दिव्यात काळी किंवा निळी लोकर विणून बघा, टाका दिसत नाही. म्हणून सध्या आमच्या नात्यात सगळ्यांना पिस्ता, पांढरा, लिंबाचा रंग मिळतोय. भाचेजावई पोलिसात आहेत. त्यांनाही पिस्ता.

एक मात्र गेलं, त्याची मला चुटपूट आहे. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा चार-पाच अंशांवर येतो आणि धुकं दुपारपर्यंत हटत नाही. पुण्याच्या माझ्या मावशीला स्वेटर ही ट्रंकेतली वस्तू वाटते, आम्ही तीन महिने त्यातच राहतो. ऊन पडलं की गल्लीतल्या बायका गच्चीवर. सुया, शेंगदाणे, मुरैन्याची तीळगुळाची गजक, आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय. ढब्बूला जिना चढवत नाही, उचलून न्यावं तर वीस-बावीस किलोचा. म्हणून मी खाली ओसरीत. डिसेंबरात हजिरा भागात तानसेन समारोहाच्या गाण्यांना उघड्यावर बसून मी अख्ख्या बाह्या विणल्या आहेत; आता तासभर जाऊन येते. मेळ्याला तर, १९०५ पासून भरणाऱ्या आमच्या त्या मेळ्याला, यंदा फक्त एकदा गेले, तेही रबराची जाळी आणायला.

रबराची जाळी कशाला, तेही सांगते, कारण यंदाच्या हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. आमचं घर जुनं, दगडी फरशीचं. चार पिढ्यांच्या पायांनी ती फरशी अशी गुळगुळीत झाली आहे की ढब्बूचे मागचे पाय तिच्यावर फाकतात. लोक म्हणाले, त्याला मोजे विणा की. विणलेला मोजा दगडावर आणखी घसरतो. नखं कापणं आणि पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापणं, एवढ्यानंच निम्मा फरक पडतो. मोज्यांपेक्षा कात्री बरी. उरलेल्या निम्म्यासाठी मी त्याच्या झोपायच्या जागेपासून अंगणाच्या दारापर्यंत नमद्याची वाट केली.

नमदा म्हणजे काय, तर गरम पाण्यात चुकून धुतलेला स्वेटर, फक्त मुद्दाम धुतलेला. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. कापड आटतं, जाड होतं, टाके दिसेनासे होतात आणि कात्रीनं कापलं तरी उसवत नाही. हे फक्त खऱ्या लोकरीचं होतं. ॲक्रिलिक कितीही उकळा, होतं तसंच राहतं. मशिनमध्ये धुता येते म्हणून विकतात ती लोकरही नीट आटत नाही, तिचे खवले आधीच मारलेले असतात.

तेव्हा आधी जुने स्वेटर जमवले. बोहारीण यायच्या आत मी नातेवाइकांना गाठलं. प्रत्येकाचा एक धागा ओढून चिमट्यात धरून गॅसपाशी नेला. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत काढल्यावर विझला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. "प्युअर वूल" म्हणून कपाटात वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांत जपलेले दोन स्वेटर मण्यात गेले. मालकिणींना मी अजून सांगितलेलं नाही.

मग आतली शिवण बघायची. शिवणीपाशी कापड कापून ओव्हरलॉक, म्हणजे कडेवर मशिनची गुंफण, मारलेला असेल तर उसवून उपयोग नाही, ओळीओळीला तुकडे निघतात. तो स्वेटर आख्खाच गरम पाण्यात टाकायचा. भाग आकारात विणून जोडलेले असतील तर शिवण सोडवून अखंड दोरा मिळतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करायची, धुवायची, ओली लड खाली वजन बांधून टांगायची म्हणजे कुरळेपणा जातो. दोन दोरे एकत्र घेऊन मोठ्या सुईवर सैल विणलं, हव्या त्याच्या दीडपट मोठं, आणि बादलीत पायानं तुडवलं. सासूबाई म्हणाल्या, कुत्र्याच्या पायपुसण्यासाठी एवढा गॅस जाळलास. जाळला. पण नमदाही दगडावर सरकतोच, म्हणून गालिच्याखाली घालतात ती रबराची जाळी खाली. आता तो त्या वाटेवरून सरळ चालत जातो. वाटेबाहेर पाऊल पडलं की थांबतो आणि माझ्याकडे बघतो, जशी काही फरशी मीच घसरडी केली आहे.

थंडीच्या कपड्याचं म्हणाल तर स्वेटर नाही, झूल. गळ्यातून घालायचा स्वेटर म्हणजे पुढचे पाय वाकवून बाह्यांत घालावे लागतात, दुखऱ्या सांध्यांचा कुत्रा ते का सहन करेल? मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत माप, पुढच्या पायांमागून छातीचा घेर, पाठीवर एक आयत, मानेशी बॉर्डर आणि पोटाखाली दोन बंद. नर कुत्रा असेल तर पोटाचा भाग आखूड ठेवा, नाहीतर रोज ओला. आणि इथे ॲक्रिलिकच घ्या. रोज धुवावं लागतं, रोज वाळलं पाहिजे. कुत्र्याला मऊ मेरिनो घालणं ही आपल्या हौसेची गोष्ट. फक्त ॲक्रिलिक घातलेल्या कुत्र्याला शेगडीजवळ बसू देऊ नका, मण्याची गोष्ट वर सांगितलीच.

उन्हाळ्यात फारसं काही होत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, लोकर हाताला चिकटते, कुत्रा धापा टाकत ओल्या गोणपाटावर. मी सुती धाग्याची भांडी पुसायची फडकी विणते आणि दोघंही पावसाची वाट बघतो.

काही लोक पुढचा प्रश्न विचारतात, कुत्र्यासाठी एवढं? यावर मी वाद घालत नाही. मी त्याची 'मम्मी' वगैरे नाही, तसं कुणी म्हटलं की मला कसंतरी होतं. तो आमच्या दारात राहिलेला कुत्रा आहे आणि आता म्हातारा झालाय, इतकंच. आणखी धीट असतात ते विचारतात, तो गेल्यावर मग तर वेळच वेळ. यांचा हिशेब चुकतो. रोजचे हे चार-पाच तास मी बसलेली असते ती तो पायाशी असतो म्हणून. तो नसला तर मी उठेन, दुकानांची आणखी दोन खाती घेईन, गच्चीवर जाऊन गजक खाईन आणि गप्पा मारेन. विणकाम कमीच होईल.

तेव्हा तुमच्या सुनेसाठी बाळंतविडा हवा असेल तर आताच सांगा, सातव्या महिन्यात. नवव्यात धावत येऊ नका. टोपडं, मोजे आणि पुढून उघडं स्वेटर होईल. लोकर तुम्ही आणा, बेबी वूल, सगळे गोळे एकाच लॉटचे, लेबलावरचा नंबर जुळवून, आणि एक गोळा जास्तीचा. लॉट बदलला की रंग थोडा हटतो आणि तो नेमका बाहीवर दिसतो. रंग फिकट. नक्षी साधी. पैसे मी घेत नाही. द्यायचंच असेल तर एखादा जुना, खऱ्या लोकरीचा स्वेटर आणा, शिवण ओव्हरलॉकची असली तरी चालेल. वाट अजून स्वयंपाकघरापर्यंत न्यायची आहे.