खुणांचं पान

२८ डिसेंबर, रविवार. रात्रीचे साडेनऊ.

नवी वही संध्याकाळपासून पुढ्यात आहे. चार पानं झाली. पाचवं अडलंय.

पहिल्या पानावर श्री लिहिलं. दुसरं अनुक्रमणिकेसाठी आखून ठेवलं. तिसऱ्या-चौथ्यावर येत्या सहा महिन्यांचे चौकोन, एका पानावर तीन. जानेवारीत ६ ला अंगारकी, १४ ला संक्रांत, १५ ला महापालिकेचं मतदान. मार्चमध्ये १९ ला पाडवा आणि त्याच्या मागेपुढे धाकट्याची परीक्षा. हे सगळं हात आपोआप लिहितो. पाचवं पान खुणांचं. ठिपका म्हणजे काम. ठिपक्यावर फुली म्हणजे झालं. आडवी रेघ म्हणजे नुसती नोंद. आणि बाण म्हणजे पुढे ढकललं. गेल्या तीन वह्यांत याच चार खुणा आहेत, त्या उतरवायला दोन मिनिटं लागत नाहीत. आज तीन उतरवल्या आणि चौथीपाशी पेन थांबलं ते थांबलंच.

वही मात्र छान मिळाली. मागच्या शनिवारी ऑफिसमधून लवकर सुटले आणि मुद्दाम अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले. छापील प्लॅनर मी सोडले, कारण त्यात शनिवार-रविवारला मिळून एवढासा चौकोन देतात आणि माझा तर रविवारच सगळ्यात भरलेला असतो. दळण, आठवड्याची भाजी, शाळेचे बूट, कपाट, कुणाकडे जायचं असेल तर आधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघणं. म्हणून ठिपक्यांची कोरी वही घेते आणि आठवडा स्वतः आखते, रविवारला अख्खं अर्धं पान. दुकानदाराने कागदावर हात फिरवायला दिला. १०० जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन १०० ग्रॅम. जुन्या वहीचा कागद पातळ होता, जेल पेनची शाई पाठीमागे उमटायची. एका पानावर लिहिलेलं दुसऱ्या बाजूनेही दिसायचं. उलटं, फिकट, पण वाचता येईल इतकं.

आत्याने वाचलं ते त्याच जुन्या वहीत.

गुरुवारी नाताळची सुट्टी होती. ती एकटीच आली, गिरगावातून मेट्रोने, न कळवता. ९ ऑक्टोबरपासून भूमिगत मेट्रो पार कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून ती म्हणत होती, आता गिरगाव ते मरोळ नाका एकच गाडी, मध्ये चढणं-उतरणं नाही. पूर्वी चर्नी रोडहून लोकलने अंधेरी, मग पुढे रिक्षा नाहीतर दुसरी मेट्रो. ते अंतर माझ्या फार उपयोगाला आलं. "येते गं एखाद्या रविवारी, मेगाब्लॉक नसला की." हे वाक्य मी किती वर्षं वापरलंय. ती गाडीत बसून पाऊण तासात दारात उभी राहिली, तेव्हा आधी आनंद झाला आणि लगेच काहीतरी टोचलं.

पिशवीत कुळथाचं पीठ आणि कागदात गुंडाळलेल्या शेवग्याच्या शेंगा. मी चहा टाकायला आत गेले. ऑपरेशन झाल्यापासून ती सगळं वाचते. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं, मेट्रोतल्या सूचना. आमच्या मजल्यावरची सोसायटीची नोटीस तिने बेल वाजवायच्या आधी वाचून काढली होती. पांढरं आता पांढरं दिसतं म्हणते. इतकी वर्षं सगळं पिवळट दिसत होतं, हे तिला मोतीबिंदू काढल्यावरच कळलं.

मी चहा घेऊन बाहेर आले तर ती टेबलाशी बसलेली, नवा चष्मा लावून, माझी वही दोन्ही हातांत.

"अगं, पानापानावर मी!"

तिने ओळीखाली बोट ठेवलं आणि पाढा म्हणावा तसं मोठ्याने वाचलं. "आत्याला फोन, डोळा." पान उलटलं. "आत्याला फोन, डोळा." आणखी एक पान. "इथे पण. आणि पुढे हे बाण कसले गं?"

मी म्हटलं, "महत्त्वाचं असलं की बाण काढते."

एक क्षणही थांबले नाही. तोंडात तयारच होतं जणू. ती काही बोलली नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि पहिल्यापासून पानं उलटायला लागली. चहा निवला.

ती गेल्यावर मी बाण मोजले. नऊ. पहिली नोंद ३ नोव्हेंबरची, शेवटची २२ डिसेंबरची. ऑपरेशन झालं १२ नोव्हेंबरला. म्हणजे आधीच्या नोंदी तिला धीर द्यायच्या होत्या आणि नंतरच्या कशी आहेस विचारायच्या. फोन कशासाठी करायचा ते बदललं, माझे शब्द तेच राहिले. १२ तारखेला दुपारी ग्रुपवर दादाचा मेसेज आला, झालं, छान झालं. मी जोडलेले हात टाकले आणि मीटिंगला गेले. दादा तरी कुठे... असो. त्याचं तो बघेल.

खरं टोचतंय ते वेगळंच. २४ नोव्हेंबरच्या पानावर तिची ओळ आहे, तिच्या वर "गॅसचा नंबर लावणे" आणि खाली "मेंटेनन्स भरणे". दोन्हींवर फुल्या. मधल्या ओळीवर बाण. दुसऱ्या पानावर वर दाढेचा डॉक्टर, खाली विम्याचा हप्ता. तिथेही तसंच. प्रत्येक वेळी तिच्या आजूबाजूचं सगळं झालं. वेळ नव्हता असं म्हणायची सोय या वहीने ठेवलेली नाही, कारण वेळ कुठे गेला तेही माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

ही खुणांची पद्धत मी ज्याच्याकडून शिकले तो रायडर कॅरल न्यूयॉर्कचा डिझायनर. लहानपणापासून लक्ष एका जागी ठरत नसे म्हणून स्वतःसाठी वह्या आखत गेला आणि २०१३ मध्ये त्याने ती रीत सगळ्यांसमोर मांडली. त्याचं म्हणणं असं की राहिलेलं काम पुढच्या पानावर हाताने परत लिहायचं. लिहिण्याचा कंटाळा आला तर ते काम आपल्याला फारसं नकोच होतं, सोडून द्यायचं. परत लिहिणं हीच चाळणी. मला हे फार पटलं होतं, ऑफिसात दोघीतिघींना समजावूनही सांगितलं. या चाळणीतून माझी कितीतरी कामं गळून गेली, ट्रेकचे बूट, जर्मनचा क्लास, बाल्कनीतलं मोगऱ्याचं रोप. आत्या नऊ वेळा चाळणीवर राहिली. एकदाही गळली नाही. दर वेळी मी तिचं नाव नीट, पूर्ण, न कंटाळता लिहिलं. आणि फोन केला नाही.

याला काय म्हणायचं? विसरले असते तर माफी मागता आली असती. मी विसरले नव्हते. मला आठवत होतं, लिहून झालं की हलकं वाटत होतं, आणि ते हलकं वाटणं मी फोन केल्यासारखं खर्च करून टाकत होते. तिचं नाव लिहिणं हेच तिच्यासाठी काहीतरी करणं होऊन बसलं. आता तिला वाटतंय ती माझ्या मनात इतकी आहे की पानापानावर उतरते. खोटं तरी कसं म्हणू? खरं तरी कसं म्हणू?

आणि एक लिहूनच टाकते. या घरातलं सगळं माझ्या वहीत आहे. ह्याच्या गोळ्या, धाकट्याचे तास, बाईंची सुट्टी, दोन्हीकडची लग्नं, टाकी धुणार तो दिवस, कुणाचं पासपोर्टचं काय, कुणाचं पेन्शनचं काय. कुणी काही हरवलं की विचारतं, तुझ्या वहीत बघ ना. माझं नाव कुणाच्या वहीत आहे? दाढ ऑगस्टपासून दुखत होती, ते मीच लिहिलं, मीच पुढे ढकललं, मीच गेले. सात महिने ऑफिसात जे चाललंय त्याची कुणाकडे नोंद नाही, माझ्याकडेही नाही. मला खूप दमायला झालंय. या सगळ्यात एक फोन राहिला तर एवढं काय, असं आज दुपारी भांडी लावता लावता स्वतःशीच म्हणत होते. रडूही आलं थोडं. मग वाटलं, आत्यालाही हेच वाटत असेल. तिचं नाव कुठे आहे? म्हणून तर ते दिसल्यावर तिने चष्मा पुसला.

पावणेदहा वाजलेत. ती दहाला झोपते. पेन ठेवते.

सव्वादहा.

पहिल्याच रिंगला उचलला. "काय गं, सगळं ठीक ना? काय झालं?" आवाज घाबरलेला. माझा फोन आला म्हणजे काहीतरी झालेलं असणार, हे तिने धरूनच ठेवलंय. ते धरायला मीच शिकवलं.

काही नाही, सहज, म्हटलं तर तिला खरं वाटायला दोन मिनिटं गेली. मग बोलत सुटली. सव्वीस मिनिटं. डोळ्यात थेंब घालायचे होते तेव्हा शेजारच्या वहिनी येऊन घालायच्या, आधी दिवसातून चार वेळा, मग डॉक्टर कमी करत गेले. चुकायला नको म्हणून ती कालनिर्णयवर रेघा मारायची, नोव्हेंबरच्या एकेका चौकोनात चार-चार बारीक रेघा, दुधाच्या हिशेबाच्या बाजूला. एकही थेंब चुकला नाही म्हणाली. शाळकरी मुलगी सांगेल तशा अभिमानाने. मला ते पान डोळ्यांसमोर दिसलं. तिच्या त्या पानावर पुढे ढकलण्याची खूणच नाही.

मग म्हणाली, "वहिनींना सांगितलं मी, भाचीच्या वहीत माझ्या नावापुढे बाण असतो."

मी तोंड उघडलं होतं. आत्या, ऐक, बाण म्हणजे... इथवर मनात वाक्य जुळलं होतं. पण बोलले नाही. सांगून मला बरं वाटलं असतं, तिला वाटलं नसतं. माझं ओझं उचलून गिरगावात तिच्या उशाशी नेऊन ठेवायचं, तेही रात्री दहा वाजता? नाही जमलं. हे धैर्य नाही हे मला कळतं. तरी आज ते माझ्याकडेच राहू दे.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "नव्या वहीत माझा वाढदिवस लिही हं. पण तिथीने. ती १ जून खोटी आहे."

१ जून. शाळेत घालताना मास्तरांनी लावून दिलेली तारीख. माझ्या फोनमध्ये तीच आहे, दर वर्षी सकाळी वाजते, मी शुभेच्छा पाठवते आणि ती "थँक्यू बाळ" म्हणते. एकदाही दुरुस्त केलं नाही तिने. तिचा वाढदिवस वसंत पंचमीचा, माघ शुद्ध पंचमी, हे मला लहानपणी माहीत होतं. त्या दिवशी ती पिवळी साडी नेसायची आणि केशरी भात करायची. कुठे गेलं हे सगळं डोक्यातून?

स्वयंपाकघरात जाऊन नवं कालनिर्णय उघडलं. २३ जानेवारी, शुक्रवार. २०२५ मध्ये वसंत पंचमी २ फेब्रुवारीला होती. चांद्रवर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथी मागे मागे सरकत येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती पार १४ सप्टेंबरला, दिवाळी नोव्हेंबरात. म्हणजे हा वाढदिवस फोनमध्ये एकदा घालून सुटका नाही. दर डिसेंबरला पंचांग बघून नवा दिवस शोधायचा आणि नव्या वहीत हाताने लिहायचा. तीही चाळणीच झाली, पण ही मला आवडली.

२३ तारखेला सुट्टी टाकते. उद्या साहेबांना मेल. लगेच लिहून ठेवला, ठिपका देऊन.

आता पाचवं पान. बाण काढला आणि त्याच्यापुढे लिहिलं, महत्त्वाचं. गुरुवारी आत्याला सांगितलं होतं तसंच. पुढे ढकललेल्या कामांना या वर्षी खूणच नाही ठेवली. ढकलायचं असेल तर "आज केलं नाही" असं अख्खं वाक्य लिहायचं, ज्याचं त्याच्या नावासकट.

जानेवारीच्या पानावर २३ समोर लिहिलं, आत्या, वसंत पंचमी, गिरगाव. आणि पुढे बाण. शाई मागे उमटली का म्हणून पान उलटून बघितलं. नाही उमटली.

केशरी भाताला तांदूळ कोणते घेते ते तिला विचारायचं राहिलं. उद्या फोन करते.