दसऱ्याच्या पहाटेचा 45 चा भाव

दादरच्या फूलबाजारात एका आडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याचा माल टक्क्यावर विकून देणाऱ्याकडे, मी पट्ट्या लिहितो, 12 वर्षं झाली. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा हिशोब, माल किती आला, काय भावाने गेला, हमाली-तोलाई जाऊन हातात काय पडलं. गेल्या दसऱ्याची एक पट्टी अजून डोक्यातून जात नाही.

जुन्नरकडचे एक काका स्वतः टेम्पोत बसून आलेले, 20-20 किलोच्या 40 गोण्या गोंडा घेऊन. झेंडूला बाजारात गोंडाच म्हणतात. माल असा की हात फिरवत राहावा, केशरी, घट्ट, मुठीत दाबून सोडला की परत फुलतो. भिजलेला गोंडा गोणीत तापतो आणि मधून काळा पडतो, म्हणून मी कोपरापर्यंत हात घालून बघतो, यांचा तळापर्यंत गार.

पहाटे 4 ला किलोला 45 चा भाव लागला. काका म्हणाले 80 च्या खाली नाही, आदल्या दसऱ्याला 100 ने गेलाय. मी म्हटलं, काका देऊन टाका, मागून सासवडच्या, नारायणगावच्या गाड्या येतायत, ड्रायव्हरांचे फोन चालूयत. तर म्हणाले, "तुमची आडत टक्क्यावर, माल हलला की तुमचं झालं." यावर काय बोलणार, खरंच आहे ते. किलोमागे 5 रुपये जास्त मिळावेत म्हणून थांबलो तर आम्हाला त्यातले चिल्लर, तेवढ्या वेळात दुसरी गाडी रिकामी होते. मी खरं सांगत होतो पण त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?

7 वाजता भाव 30 झाला, 9 वाजता 20. स्टेशनजवळ तोरणं विकणाऱ्या बायका दोनदा येऊन गोण्या बघून गेल्या, घेईनात, त्यांना बरोबर कळतं दुपारनंतर या मालाला कुत्रं विचारणार नाही. शेवटी 25 गोण्या 12 ने गेल्या, 15 तिथेच राहिल्या. पट्टी 6000 ची, हमाली धरायच्या आधी, आणि टेम्पोभाडंच 8000. पहाटे दिला असता तर 36000 झाले असते.

बीकॉमला कॉबवेब थिअरी होती, मागचा भाव बघून सगळे लावतात, मग माल जास्त होऊन भाव पडतो, पुढच्या वेळी उलटं. 1934 साली काल्डॉर नावाच्या अर्थतज्ज्ञाने नाव दिलेली, मी परीक्षेपुरती पाठ केली. लावणीपासून तोड्यापर्यंत दोनेक महिने, लावताना हातात भाव फक्त गेल्या वर्षीचा, तो 100 चा बघून सगळ्यांनीच गोंडा लावला. मोबाईलवर भाव कळतो म्हणतात, कळतो तो कालचा, उद्या किती गाड्या उतरणार हे शेतकऱ्याला कोणीच सांगत नाही आणि याची मला खरंच चीड येते.

परवा काकांचा फोन आला, यंदा लावू का? मार खाल्लेल्यांनी सोडला असेल तर भाव चढेल, पण सगळ्यांनीच असा विचार केला तर? मी विचारलं, गावात बाकीचे काय लावतायत?

"ते माझ्याकडे बघून थांबलेत," म्हणाले.